तक्त्यावरून कोड, की चार्ट उघडून?

आयसीडी-११, म्हणजे आजारांना कोड देण्याच्या आंतरराष्ट्रीय यादीची अकरावी आवृत्ती, जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केली आहे. हॉस्पिटलचे विम्याचे क्लेम तिकडे वळतील तेव्हा जुना कोड जुन्या-नव्या कोडच्या जोड्यांच्या तक्त्यातून फिरवून नवा काढायचा, की चार्ट, म्हणजे पेशंटची फाइल, उघडून मुळापासून कोडिंग करायचं, असं ओळखीतल्या दोघा-तिघांनी विचारलं. मी २०१५ मध्ये दोन्ही केलं आहे. तेव्हा नागपुरात बसून रात्रपाळीत अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे क्लेम करायचो, आणि १ ऑक्टोबरला तिकडे आयसीडी-९ जाऊन १० आली.

तक्त्याची बाजू आधी सांगतो, कारण त्याने आम्हाला खरंच हात दिला. बीपीचा ४०१.९ टाकला की आय१०, शुगरचा २५०.०० टाकला की ई११.९. बीपी-शुगरच्या फाइली भराभर हातावेगळ्या व्हायच्या. सरावाला आणि जुने-नवे रिपोर्ट जुळवायला आजही मी तक्ताच घेईन.

पण मनगटाच्या फ्रॅक्चरने माझं मत फिरवलं. जुना ८१३.४१ म्हणजे कोलिस फ्रॅक्चर (मनगटाजवळचं), बंद, म्हणजे जखम उघडी नसलेलं. हात डावा की उजवा, हे त्या कोडमध्ये नव्हतंच. मग तक्ता तरी ते कुठून आणणार? त्यातून निघायचा एस५२.५३९ए, म्हणजे बाजू न सांगितलेला. कोड चुकीचा नाही, सिस्टीम अडवत नाही, क्लेम जातो. काही आठवड्यांनी पेयरकडून, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीकडून, परत येतो: बाजू स्पष्ट करा. असा एक क्लेम पहाटे चारच्या सुमारास मी उघडला, तर एक्स-रे रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत ‘लेफ्ट रिस्ट’ लिहिलेलं. डाव्या बाजूचा एस५२.५३२ए लावायला अर्धा मिनिट लागला. पण तो क्लेम शोधणं, दुरुस्त करून परत पाठवणं, पुन्हा पैशांची वाट पाहणं, हे सगळं त्या न वाचलेल्या ओळीपायी. मला फार लागलं ते. माहिती आपल्याजवळ असताना आपणच ती टाकून दिली होती.

चार्टवरून कोडिंग सुरुवातीला जड जातं, हे मान्य. पहिले काही आठवडे माझ्या फाइली निम्म्यावर आल्या होत्या, आणि डॉक्टरांना क्वेरी पाठवल्या की उत्तराची वाट पाहावी लागायची. तुमच्याकडे माणसं कमी आणि फाइली बहुतेक ओपीडीच्या असतील, तर तक्ता आधी आणि शंका आली तर चार्ट, असंही चालून जाईल. माझ्याकडे इनपेशंट, म्हणजे भरती झालेले पेशंट, जास्त होते, म्हणून माझा अनुभव थोडा एकांगी असू शकतो. तरी सांगतो, दिवाळीनंतर माझ्या चार्टवरून केलेल्या फाइली क्वचितच परत आल्या.

तारखेचा घोळ मात्र दोन्ही पद्धतींत सारखाच. २०१५ मध्ये पेशंट २९ सप्टेंबरला भरती होऊन २ ऑक्टोबरला सुटला, तर डिस्चार्जची तारीख धरून अख्खा क्लेम नव्या कोडमध्ये. ओपीडीचा असेल तर १ तारखेला तोडून दोन क्लेम. एका क्लेमवर दोन्ही कोड चालत नव्हते. तुमच्या वेळी तारखेचा जो नियम असेल, तो टेबलासमोर कागदावर लिहून चिकटवा.

आयसीडी-११ मध्ये तर बाजू मूळ कोडला एक्सटेन्शन कोड (जादा माहितीचा वेगळा कोड) जोडून सांगायची आहे. जे जुन्या कोडमध्ये नव्हतं ते तक्ता यावेळीही देणार नाही, असं मला वाटतं. सगळा चार्ट वाचायला वेळ नसेल, तर निदान ऑर्थो आणि ट्रॉमाच्या फाइली तरी तक्त्यावर सोडू नका. आणि त्यातही एक्स-रे रिपोर्ट आधी उघडा, डिस्चार्ज समरी नंतर.