किडनीच्या रुग्णांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट चूर्णाचा अनुभव

एप्रिलमध्ये नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका औषधाच्या दुकानातून आम्ही या चूर्णाचे दोन डबे घेतले. यजमानांचा मूत्रपिंडाचा विकार चौथ्या टप्प्यात आहे, डायलिसिस अद्याप सुरू झालेले नाही, आणि ते लांबवण्यासाठी कोणी काहीही सुचवले तरी करून पाहावे, अशी घरातील मनःस्थिती आहे. दुकानदार म्हणाले, "काकू, किडनीवाले सगळे हाच नेतात." तीनशे ग्रॅमचा डबा 1,150 रुपयांना, दोन घेतल्यामुळे 200 रुपये सुटले.

डब्यावर ठळक अक्षरांत "ऑक्सिडेटिव्ह ताणापासून मूत्रपिंडांचे रक्षण" असे छापले आहे. यातील ताण खरा आहे. मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साचणारी टाकाऊ द्रव्ये आणि शरीरात सतत धुमसणारा दाह यांमुळे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू अधिक तयार होतात, तर त्यांना आवर घालणारी ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये अपुरी पडतात. रक्तवाहिन्या आणि हृदय यांच्या हानीत या असमतोलाचा वाटा मानला जातो. रक्षणाचे मात्र तसे नाही. इस्रायलमधील 196 डायलिसिस रुग्णांवरील, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या होत्या; परंतु मूत्रपिंडाचा सौम्य ते मध्यम विकार असलेल्यांच्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा चेतवणाऱ्या बार्डोक्सोलोन या औषधाची चाचणी तर हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढल्याने 2012 मध्ये थांबवावी लागली. एका चूर्णासाठी एवढे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण दावा छापणाऱ्याने तो लहान ठेवलेला नाही.

खरी तक्रार मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांची आहे, जी मी भिंग घेऊन वाचली, आणि तीही डबा अर्धा संपल्यावर. घटक आवळा, द्राक्षबियांचा अर्क, हळद आणि नोनी हे फळ. एका चमच्यात क जीवनसत्त्व 500 मिलिग्रॅम. जादा क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट या टाकाऊ द्रव्यात बदलतो, ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचेच असते, आणि ती थकलेली असतील तर ऑक्झलेट साचत जाते. दिवसाला दोन चमचे, म्हणजे एक ग्रॅम, ही मात्रा अशा रुग्णाला कोणत्या विचाराने सुचवली असेल? नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असते, थकलेल्या मूत्रपिंडांना तेही नीट बाहेर टाकता येत नाही, आणि आम्ही तर ते कमी व्हावे म्हणून भाज्यासुद्धा पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन करतो. डब्यावर पोटॅशियमचा आकडाच नाही.

तीन आठवड्यांनी तपासणीत यजमानांचे पोटॅशियम 4.8 वरून 5.7 वर गेलेले आढळले. त्याच दिवसांत उन्हामुळे दोनदा नारळपाणीही झाले होते, त्यामुळे सगळे खापर चूर्णावर फोडणे न्यायाचे होणार नाही. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितले. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन होते तिथेच होते.

चव आंबट-तुरट, पण घेण्यासारखी; पाण्यात गुठळ्या होत नाहीत, झाकणही घट्ट बसते. दुकानदारांनी न उघडलेला डबा बिल पाहून निमूट परत घेतला. उघडलेल्या डब्यावर मात्र हात ठेवून ते म्हणाले, "हा तुम्ही घ्या काकू, तुम्हाला कुठे किडनीचा त्रास आहे!"