सोमवारी मुंबई दर्शनाला निघालात तर हे वाचून जा

धामणगाव, पुलगावकडून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई बघायला निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गाडी सोमवारी सकाळी पोचत असेल तर नक्की वाचा.

घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची लेणी सोमवारी बंद असतात. नेहरू तारांगणही सोमवारीच बंद. सीएसएमटीबाहेर फोटोंची फाइल घेऊन उभे राहणाऱ्या एजंटांना हे तोंडपाठ असतं. आणि तरी ते सोमवारी एलिफंटाच विकतात.

"कुठून आले काका?" अमरावती जिल्हा म्हटल्याबरोबर त्याचा मामा बडनेऱ्याचा निघाला. (आमच्या पिशवीवर तिथल्या कृषी केंद्राचं नाव छापलेलं होतं, मामा त्यातूनच निघाला असणार.) दोघांचे सोळाशे रुपये, एलिफंटासकट दहा ठिकाणं, संध्याकाळी परत सीएसएमटीला. पैसे आधी. फोनवर स्कॅन केलं तर कंपनीचं नाही, कुण्या बाईचं नाव आलं. "मालकीणबाई आहेत," म्हणे. पावती मात्र दिली. तिच्यावर ना पत्ता, ना फोन नंबर. नुसता जांभळा शिक्का, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'एलिफंटा बंद असल्यास बोट फेरी'.

ती बोट फेरी म्हणजे गेटवेसमोर पाण्यात एक वळसा. खरी लेणी तिथून तासाभराच्या अंतरावर. बाकीची ठिकाणं बसच्या खिडकीतून. "डावीकडे ताज, उजवीकडे म्युझियम, बघून घ्या." म्युझियम उघडं होतं, पण बस थांबलीच नाही. हाजी अली रस्त्यावरून, अंबानींचा बंगला वळणावरून. तारांगणाच्या बंद फाटकापाशी मात्र दहा मिनिटं थांबले, तेही दहामधलं एक ठिकाण! म्हातारीचा बूट तेवढा धड बघायला मिळाला.

बस निवांत थांबली ती एका साड्यांच्या शोरूमपुढे. तासाच्या वर. एसी बंद करून ड्रायव्हर गायब, म्हणजे आत जाण्यावाचून इलाज नाही. आत पाणी, चहा, "ताई, अस्सल हातमाग, शुद्ध कॉटन, फक्त आजच्यासाठी अठ्ठावीसशे." आमच्या मंडळींचं अर्धं आयुष्य कापूस वेचण्यात गेलेलं. तिने पदराचा काठ दोन बोटांत चोळला, एक सुटा धागा ओढून मुठीत चुरगाळला. सोडल्याबरोबर धागा सरळ. "अहो, हे तं पॉलिस्टर हाये. कापूस असता तं चुरगळला नसता काय?" सेल्समनने घडी घातली आणि पुढच्या बाईकडे वळला. त्या पुढच्या बाई लातूरकडच्या, त्यांनी दोन घेतल्या. हिने त्यांना खुणावलं होतं, पण त्यांच्या यजमानांनी तोवर पैसे मोजले होते.

खरी पंचाईत संध्याकाळी. जुहूला उतरवलं आणि कंडक्टर म्हणाला, बस इथेच संपते. पावतीवर 'सीएसएमटी परत' लिहिलेलं दाखवलं तर म्हणे, "ते एजंटला विचारा." एजंटचा फोन बंद. विदर्भ सीएसएमटीहून सातच्या सुमारास सुटते, आणि जुहूहून तिथं पोचायला त्या गर्दीत किती वेळ लागेल याचा नेम नाही.

अशी वेळ आली तर सीएसएमटीचा नाद सोडा. जुहूहून रिक्षाने विलेपार्ले स्टेशन, तिथून लोकलने दादर, पुलावरून मध्य रेल्वेच्या बाजूला. विदर्भ दादरला थांबते. आम्ही तिथंच चढलो, सामान क्लोकरूममध्ये न ठेवता सोबत घेतलेलं म्हणून जमलं.

आमच्या गावातली दोन जोडपी दिवाळीनंतर जाणार आहेत. त्यांना मंगळवारी पोचायला सांगितलंय. लेण्यांची बोट गेटवेवरच मिळते, तिकीट तिथल्या खिडकीवर काढायचं, बेटावर लेण्यांचं तिकीट वेगळं. राणीची बाग बघायची असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी ती बंद असते. सीएसएमटी ते गेटवे काळी-पिवळी टॅक्सी मीटरनेच घ्या, अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. दोनशे-तीनशे सांगितले तर सरळ बेस्टच्या बसस्टॉपवर जाऊन उभं राहा.