आठ महिने द्राक्षबागेत: छोट्या कॅमेऱ्याचा मॅक्रो आणि मॅन्युअल फोकस

कॅमेरा परवा दुरुस्त होऊन आला. तीन आठवडे तो हाताशी नव्हता तेव्हा कळलं की बागेत त्याच्यावर मी किती अवलंबून राहायला लागलोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मॉडेलचं नाव देत नाही. तो आता नवीन मिळतच नाही, मीही गेल्या सप्टेंबरात जुना, ४,८०० रुपयांना घेतला. १२ मेगापिक्सेल, १/२.३ इंची सेन्सर, १ सेंमीपर्यंत मॅक्रो (म्हणजे अगदी जवळून फोटो), आणि मेनूत मॅन्युअल फोकस (म्हणजे फोकसचं अंतर आपण स्वतः ठरवायचं). या वर्गातला कॅमेरा ज्यांनी हाताळलाय त्यांना एवढं पुरे.

माझी तासगाव तालुक्यात दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. रोग-किडीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सल्लागार साहेबांना पाठवायचे आणि ते सांगतील ते औषध मारायचं, अशी इकडे बहुतेकांची पद्धत. माझ्या फोनला मॅक्रोची वेगळी लेन्स आहे, पण ती २ मेगापिक्सेलची. तिच्यातून फुलकिडा म्हणजे एक पिवळट रेघ. गेल्या वर्षी साहेबांनी तीन वेळा "फोटो स्पष्ट नाही" म्हणून परत मागवला, आणि शेवटी मी अंदाजाने फवारलं. औषध, डिझेल, मजुरी धरून एका फवारणीला मला एकरी दोन हजारांच्या पुढे खर्च येतो. दोन चुकीच्या फवारण्या वाचल्या तर कॅमेरा फुकट पडला, हा माझा हिशोब होता.

ऑक्टोबर छाटणीनंतर पहिला महिना नुसती निराशा झाली. फुलाचं चिन्ह दाबून मॅक्रो चालू केला, पानाची खालची बाजू समोर धरली, तर कॅमेरा फोकस धरायचा मागच्या तारेवर. कारण समजून घेतलं तेव्हा राग जरा कमी झाला. हा कॅमेरा लेन्स पुढेमागे सरकवत जातो आणि जिथे कडा सगळ्यात ठसठशीत दिसतात तिथे थांबतो. डाऊनी (केवडा) रोगाची पांढरी बुरशी म्हणजे कापसासारखी मऊ, तिला कडाच नाही. मागची तार मात्र चकाकते, मग तो तिच्याकडेच जाणार.

दुसरी गोष्ट झूमची. मॅक्रो फक्त सगळ्यात वाइड टोकाला चालतो. जरा जरी झूम केलं की जवळात जवळचं अंतर एकदम लांब जातं. लांबून झूम करून किडीचा फोटो काढू असं मनात धरून कोणी घेणार असेल तर घेऊ नये.

मग मॅन्युअल फोकस. पडद्यावर अंतराची पट्टी येते, वर-खालच्या बटणाने खूण सरकवायची, मधला भाग मोठा होऊन दिसतो. घरात टेबलावर छान. बागेत अकरा वाजता उन्हात पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसतो, फोकस दिसत नाही. एका हातात पान, दुसऱ्या हातात कॅमेरा, बटण दाबायला तिसरा हात कुठून आणायचा? नोव्हेंबरातल्या माझ्या वहीत स्पष्ट लिहिलंय: "मॅन्युअल फोकस बागेत निरुपयोगी." ते मत आता मागे घेतो.

बदल झाला तो एका डाऊनीच्या पानामुळे. पानावर तेलकट डाग होते, पण बुरशी दिसत नव्हती. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ते पान ओल्या कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवलं. सकाळी डागाखाली पांढरी वाढ आली होती. टेबलावर पान पसरलं, कॅमेरा दोन पुस्तकांवर टेकवला, मॅन्युअल फोकस एका जागी ठेवला आणि मग बटणाला हात न लावता पुस्तकंच इंचभर मागेपुढे सरकवली. दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. बुरशीचे तंतू वेगवेगळे दिसले. साहेबांचा दोन मिनिटांत फोन आला, "दादा, डाऊनीच आहे, असाच फोटो पाठवत जा."

तेव्हा ध्यानात आलं की आपण उलटं करत होतो. मॅन्युअल फोकसमध्ये फोकस फिरवत बसायचंच नाही. तो एका अंतरावर बांधून टाकायचा आणि कॅमेरा हलवायचा.

अंतर किती ठेवायचं यासाठी मी फूटपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवून फोटो काढले आणि किती रेघा स्वच्छ येतात ते मोजलं. १ सेंमीवर पुढेमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर एवढीच खोली स्पष्ट येते, शिवाय लेन्सच्या नळीची सावली पडते. फ्लॅशचा उपयोग नाही, नळी त्याच्या आड येते आणि खालचा भाग काळा. २ सेंमीवर खोली साधारण दीड मिलिमीटर मिळते, सावलीही कमी. या अंतरावर फोटोत पावणेचार सेंमी रुंदी बसते. ४,००० पिक्सेल भागिले ३८ मिमी, म्हणजे एका मिलिमीटरला १०० पेक्षा जास्त पिक्सेल. फुलकिडा मिलिमीटरभराचा असतो, त्याच्या पंखांची झालर मोठं करून पाहिलं तर ओळखू येते. एवढं पुरतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ पर्यंत लहान करून खोली वाढवायचा मोह होतो, पण इतक्या लहान सेन्सरवर तिथे सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ ४ ते ५ च्या पुढे जात नाही.

मग खराट्याची एक हीर घेतली. लेन्सच्या तोंडापासून बरोबर २ सेंमी पुढे टोक येईल अशी कापली आणि चिकटपट्टीने कॅमेऱ्याच्या खाली बसवली. टोक पानाला टेकलं की फोकस झालाच, पडद्याकडे बघायची गरज नाही. टोक फ्रेमच्या कोपऱ्यात दिसतं, म्हणून त्याच्यावर पेनाने मिलिमीटरच्या खुणा केल्या. आता प्रत्येक फोटोत मोजमाप आपोआप येतं. फुलकिड्यांसाठी तर पानावर धडपडायचंच नाही: घड पांढऱ्या कागदावर झटकायचा, हिरीचं टोक कागदाला टेकवायचं आणि ओळीने आठ-दहा फोटो काढायचे. किडा पळतो, पण दोन-तीन फोटोंत तरी नीट सापडतो. हिरीची किंमत शून्य रुपये, आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या मेनूपेक्षा तिने जास्त काम केलं.

आता ज्या गोष्टीचा मला अजूनही मनापासून राग येतो ती सांगतो. कॅमेरा बंद केला की मॅन्युअल फोकसचं अंतर विसरतो. प्रत्येक वेळी! मोड लक्षात राहतो, फ्लॅश बंद ठेवलेला लक्षात राहतो, तारीख-वेळ लक्षात राहते, पण फोकसची खूण पट्टीवर पुन्हा दुसरीकडेच. बॅटरी वाचवायला तो मिनिटाभराने आपोआप झोपतो, की गेलं अंतर. एका ओळीत चाळीस वेली, दर पाचव्या वेलीला थांबून पट्टी २ सेंमीवर आणायची आणि ती खूण इतकी जाड की २ आहे का अडीच ते कळत नाही. पुढचा सगळा फोटो त्या एका आकड्यावर उभा असताना तोच आकडा विसरायचा, हे बनवणाऱ्यांनी एकदा तरी हातात घेऊन वापरून पाहायला हवं होतं. मी आपोआप बंद होणं मेनूतून काढून टाकलं. त्यामुळे बॅटरी पावणेदोन तासात संपते. ५५० रुपयांची दुसरी बॅटरी घ्यावी लागली, आणि तो खर्च मी या विसराळूपणाच्या नावावरच धरतो.

पुढे एक उपाय सापडला. कॅमेरा चालू केल्यावर ऑटो मॅक्रोमध्ये हिरीचं टोक वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांना टेकवायचं, बटण अर्धं दाबून फोकस धरायचा आणि तिथूनच मॅन्युअलवर जायचं. माझा कॅमेरा ते अंतर तसंच उचलतो. छापील अक्षरांना कडा भरपूर, त्यामुळे तो चुकत नाही. कागदाचा तुकडा आता टोपीत असतो. दहा सेकंदांचं काम. तरी ते दहा सेकंद दर वेळी खटकतात.

जानेवारीतली गोष्ट मात्र कॅमेऱ्याच्या सगळ्या दोषांवर भारी आहे. ओलांड्यावर (वेलीच्या तारेवरच्या आडव्या फांदीवर) आणि दोन घडांत पांढरं, मेणचट, केसाळ असं काही दिसलं. मिलीबग (पिठ्या ढेकूण) म्हणून औषध आणायला गाडी काढली होती. जाताजाता फोटो घेतले. हिरीच्या खुणांवर मोजलं तर एकेक आठ-नऊ मिलिमीटर, आणि दोन फोटोंच्या मधल्या वेळात जागा सोडून पुढे गेलेला. मिलीबगची मादी तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि ती इतकी झरझर चालत नाही. साहेबांना पाठवलं. उत्तर आलं, "फवारू नका! क्रिप्टोलेमस या मित्र भुंग्याची अळी आहे. मिलीबग खाते." परत जाऊन तासभर बसलो. एका फोटोत ती अळी मिलीबगच्या अंड्यांच्या पुंजक्यात तोंड घालून बसलेली स्पष्ट आली. तिच्या अंगावरचे मेणाचे झुबके, खालचे पाय, सगळं. पंचवीस वर्षं द्राक्ष करतोय, आणि कितीदा ही अळी मिलीबग समजून मारली असेल याचा विचार करून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता बिघाडाबद्दल. डिसेंबरात भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी केली आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन ओळीत शिरलो. तेव्हापासून लेन्स बाहेर येताना कर्र आवाज करायची. एप्रिलच्या खरड छाटणीत ती अर्ध्यात अडकली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सर्व्हिस सेंटरने न उघडताच सांगितलं, लेन्स युनिट बदलावं लागेल, ३,६०० रुपये, तेही पार्ट मिळाला तर. मी कॅमेरा परत घेतला. पुढे एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यासमोर नळी उघडली, कडांवरची पिवळी भुकटी दाखवली, ब्रशने साफ केली, ४०० रुपये घेतले. सवड मिळेल तशी करतो म्हणाले, त्यात तीन आठवडे गेले, पण काम चोख. धुरळणीनंतर निदान चार दिवस आता कॅमेरा घरीच राहील, आणि एरवी झिपच्या पिशवीत.

असा जुना कॅमेरा कोणी घेणार असेल तर दुकानातच मॅन्युअल फोकस सगळ्यात जवळ आणा, बंद करा, पुन्हा चालू करा आणि अंतर तेच राहिलं का ते बघा. लेन्स आत-बाहेर होताना कान लावून आवाज ऐका. आणि फूटपट्टी सोबत न्या.