घटस्फोटासाठी मोफत सरकारी वकील: सेवा घ्यावी का?
हा वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं; त्याचं कार्यालय बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच सापडतं. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम 12 नुसार बाईला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. "पगार आहे, मग कसा मिळेल?" असं कुणी म्हणालं तर माघारी फिरू नका. अर्जासोबत आधार, लग्नाचा दाखला, आलेली नोटीस जोडा आणि पोच घ्याच. हेल्पलाइन 15100.

खरी कसोटी नेमणुकीनंतर लागते. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या वकिलाचं मानधन तुटपुंजं, त्यामुळे काही जण तारखेला नुसता ज्युनियर पाठवतात. वकीलपत्रावर सही करण्याआधीच विचारा, अंतरिम पोटगीचा (खटला चालू असतानाच मिळणाऱ्या पोटगीचा) अर्ज कधी टाकणार? तो राहिला की महिनेच्या महिने हातात दमडी येत नाही. कौटुंबिक न्यायालयात वकील हक्काने उभा राहू शकत नाही. परवानगीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला लावा. खटल्याचा सोळा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर क्रमांक, मागून घ्या, म्हणजे ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख स्वतः बघता येते. वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, बदलून मागा.

परस्पर संमतीच्या अर्जाला ही सेवा पुरेशी आहे. मुलांच्या ताब्याचा वाद असेल तर मात्र कौटुंबिक खटले रोज चालवणाराच वकील हवा, असं अर्जातच लिहा.