कान वाजतोय म्हणून बाबांना ईएनटीकडे नेलं, त्याचा अनुभव

चार स्टार देतेय, पाचवा जिन्याने खाल्ला. क्लिनिक भोसरीत पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि अपॉइंटमेंट घेऊन गेलात तरी तास दीड तास बसायची तयारी ठेवा.

पावसाळ्यात बाबांच्या उजव्या कानाला दडे बसले, खाज, थोडं पाणी, आणि कानात सतत कुईंऽऽ. घरी लसणाचं कोमट तेल घालून झालं, मग मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकचे ड्रॉप दिले, खाज उलट वाढलीच. डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न केला, "काका, कान कशाने कोरता?" बाबा गप्प. आई म्हणाली, स्कूटरच्या चावीने!

मायक्रोस्कोपखाली कान बघतात आणि शेजारच्या स्क्रीनवर आपल्यालाही दिसतं, हे मला फार आवडलं. आत ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी! दमट हवा, वरून तेल, मग तिला काय पाहिजे अजून. अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, बुरशीला नाही, म्हणून ते ड्रॉप वाया. सक्शनने साफ करताना मशीनचा आवाज जाम मोठा येतो आणि बाबांना मिनिटभर गरगरलं, पण मॅडमनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. पडदा शाबूत आहे हे बघूनच क्लोट्रिमॅझोलचे ड्रॉप लिहिले, कारण पडद्याला भोक असेल तर काही ड्रॉप आतल्या कानाला बाधतात म्हणे. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, आणि तेल बंद म्हणजे बंद.

दडा सुटला, खाज गेली, पण कुईं तसंच, आणि आता कळलं की ते दोन्ही कानांत आहे. इथे दुसरा कोणी अजून ड्रॉप लिहून मोकळा झाला असता. मॅडमनी ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची टेस्ट) करायला लावली, तर ग्राफ ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक, चिरक्या आवाजांना, खाली घसरलेला. बाबांनी सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या दणदणाटात काढली, कानात बोळेसुद्धा न घालता, त्याची ही वसुली. हा आवाज गोळीने जाणार नाही हे तोंडावर सांगितलं, "नसांच्या" महागड्या गोळ्या माथी मारल्या नाहीत. रात्री शांततेत जास्त टोचतो म्हणून बारीक आवाजात रेडिओ लावून झोपा, आणि हिअरिंग एडची ट्रायल घ्या, त्यानेही बऱ्याच जणांचा आवाज मागे पडतो. बाबा रेडिओला तयार, मशीनला अजून नाही.

जाताना एक बजावलं: अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर दोन दिवस वाट बघत बसू नका, त्याच दिवशी या. आवाज फक्त एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तरी दाखवा.

फी ठीक आहे, साफसफाई आणि टेस्टचे पैसे वेगळे, ते आधी विचारून घ्या. आणि ऑडिओमेट्रीला सकाळीच जा, संध्याकाळी रिसेप्शनवरचा गोंधळ थेट त्या केबिनमध्ये ऐकू येतो.