पिस्ता, आकाशी, मोतिया की राखाडी: ठाण्याच्या आणि नेरूळच्या बेडरूममध्ये लावून पाहिलेले चार रंग

दिवाळीआधी घर रंगवायचं ठरलं की हॉलचा रंग तासाभरात पक्का होतो आणि गाडी बेडरूमपाशी येऊन अडते. तिथे शांत रंग हवा, यावर घरात सगळ्यांचं एकमत असतं. शांत म्हणजे कोणता, यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं. मागच्या वर्षी आमच्याकडे दोन घरं एकदमच रंगायला निघाली, मानपाड्याचं आमचं आणि नेरूळचं धाकट्या बहिणीचं. म्हणून आम्ही सुताराकडून दोन फूट बाय दोन फूट प्लायचे चार तुकडे आणले, त्यांना प्रायमर लावला आणि त्यावर चार रंगांचे दोन-दोन हात मारले. जूनच्या शेवटापासून गणपतीपर्यंत हे तुकडे कधी आमच्या बेडरूममध्ये, कधी तिच्या. ठाणे-पनवेल लोकलमधून काखेत धरून त्यांची ने-आण केली. रंग तेच होते, तुकडे तेच होते, तरी दोन्ही घरांत उत्तर वेगळं आलं.

कारण खिडक्या वेगळ्या. आमची बेडरूम पश्चिमेची. समोर येऊरचे डोंगर दिसतात म्हणून घर घेताना याच खिडकीवर जीव जडला होता. पण ऊन पडलं की दुपारी तीननंतर ते थेट पलंगावर येतं, आणि सूर्य डोंगराआड जाईपर्यंत भिंती पिवळ्या-केशरी झालेल्या असतात. बहिणीची खोली उत्तरेची, सिडकोच्या जुन्या इमारतीत, समोर दहा-बारा पावलांवर दुसरी इमारत. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे भरदुपारी सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, तेवढेच दिवस तिच्या खिडकीशी ऊन रेंगाळतं, आणि त्यातला निम्मा काळ आभाळ भरलेलं. एरवी तिथे पोचतो तो नुसता आभाळाचा उजेड, आणि तो निळसर असतो.

आमची आई शेडकार्डाच्या वाटेला जात नाही. ती साडीच्या रंगांनी बोलते. मला तिची रीत जास्त पटते, कारण पिस्ता किंवा मोतिया म्हटलं की रंगाबरोबर त्याचा फिकेपणाही डोळ्यांपुढे येतो. बेडरूमला तोच महत्त्वाचा. पॅट्रिशिया व्हाल्डेझ आणि अल्बर्ट मेहराबियन यांनी १९९४ साली रंग आणि भावना यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रंग निळा की हिरवा यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक, याचा मनावर होणारा परिणाम त्यांना जास्त ठळक दिसला. रंग भडक होत जातो तसं मन चाळवतं. राख मिसळल्यासारखा हिरवा झोपेच्या खोलीत चालेल, भडक निळा नाही. शांत रंग म्हणून सरसकट निळा सुचवणाऱ्यांचं ऐकू नका.

पिस्त्यावर माझं मन बसलं होतं. पावसात येऊर हिरवागार होतो, तेव्हा खिडकीतला हिरवा आणि भिंतीवरचा हिरवा एकमेकांत मिसळून खोली मोठी वाटायची. सकाळी सात वाजता त्या तुकड्याकडे बघत चहा पिण्यासारखं सुख नव्हतं. अडचण संध्याकाळची. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली आणि चारचं पिवळं ऊन त्यावर पडलं, तसा पिस्त्याचा पोपटी झाला. आम्ही आणखी राखट पिस्ता बनवून पाहिला. तो उन्हात बरा दिसला, पण पावसाच्या अंधारात मळका. नेरूळला पिस्त्याचं वेगळंच झालं. निळसर उजेडात त्यातली ऊब निघून गेली आणि तो गार, सपाट दिसू लागला. पूर्वेच्या खोलीला मात्र मी पिस्ताच सांगेन. तिथे ऊन सकाळचं असतं, आपण उठलेले असतो, आणि संध्याकाळी निजायच्या वेळेपर्यंत रंग निवलेला असतो.

आकाशीची मला भीती होती, गार पडेल म्हणून. नेरूळला ती खरी ठरली. दुपारी बाराला त्या खोलीत आकाशी तुकडा भिंतीला टेकवला आणि बहीण म्हणाली, "ताई, इथे कुणाला तरी सलाईन लावलंय असं वाटतं." पश्चिमेला उलट घडलं. केशरी ऊन आणि निळा रंग एकमेकांना मारतात, त्यामुळे चार वाजता तुकडा उन्हात धुतलेल्या सुती कापडासारखा मऊ, राखट दिसला. एप्रिल-मेमध्ये तापणाऱ्या खोलीत भिंत तरी थंड दिसावी, एवढी इच्छा होतीच. आणखी एक गोष्ट मुद्दाम बघा: रात्री सगळे दिवे मालवून पाच-दहा मिनिटं थांबा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना लाल-तांबूस रंग काळवंडलेले दिसतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे १८१९ साली नोंदवलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. आमचा आकाशी तुकडा अंधारात धूसर चांदण्यासारखा दिसायचा. मला ते फार आवडलं. तुम्हाला मिट्ट काळोख लागत असेल तर नाही आवडणार.

निळ्या भिंतीने झोप उडते का, असं बरेच जण विचारतात. झोपेच्या आड येतो तो रात्री डोळ्यांत शिरणारा निळसर प्रकाश, म्हणजे मोबाईलचा आणि पांढऱ्या एलईडीचा. भिंत स्वतः प्रकाश देत नाही, तिच्यावर पडलेलाच परत टाकते. म्हणून आधी दिवा बदला. ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) पांढऱ्या ट्यूबखाली या चारपैकी एकही रंग शांत राहत नाही. २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावा आणि मगच रंग ठरवा.

मोतिया आमच्याकडे हरला. दुपारच्या उन्हात हळद कालवल्यासारखा पिवळा होतो आणि उकाडा जास्त जाणवतो. नेरूळला मात्र त्याला तोड नव्हती. जुलैच्या भरल्या दिवसातही तुकड्याभोवती दिवा लावल्यासारखा उजेड वाटायचा. बहिणीने तोच घेतला, पण त्यातला किंचित अबोलीकडे झुकणारा. हिरवट-पिवळ्याकडे झुकणारा मोतिया आजारी दिसतो. शेडकार्डावर हे कळत नाही. तुकडा पांढऱ्या कागदाशेजारी धरा, लगेच कळतं.

राखाडीवर फार बोलत नाही. फोटोत सगळ्यात देखणा तोच. पण सलग चार दिवस पाऊस लागला की त्या खोलीत सकाळ होतच नाही. ठाणे-नवी मुंबईत वर्षातले चार महिने आभाळ स्वतःच राखाडी असतं, भिंतीवर आणखी कशाला आणायचं? दक्षिणेचं भरपूर ऊन मिळणाऱ्या खोलीत चालून जाईल.

गुलाबीचं नाव एका मैत्रिणीने सुचवलं होतं, तुरुंगात गुलाबी रंगाने कैदी शांत होतात म्हणून. १९७९ साली अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या कोठडीत असा प्रयोग झाला होता. पण पुढच्या चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. आवडत असेल तर जरूर लावा, फक्त त्या कारणासाठी नको.

आमच्याकडे शेवटी आकाशी लागला, तोही तुकड्यापेक्षा एक पायरी फिका. कार्डावर हलका वाटणारा रंग चार भिंतींवर गडद होतो, कारण प्रत्येक भिंत समोरच्या भिंतीवर आपला रंग टाकत असते. पलंगामागची एकच भिंत गडद करायचा मोह झाला होता. पावसाच्या बाजूची ती भिंत, तिथे मागे ओल येऊन लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा क्षार, फुटलेला. गडद रंगावर या क्षाराचे पांढरे डाग लांबून दिसतात, म्हणून तो विचार सोडला. ओल असेल तर आधी बाहेरची भेग बुजवा, भिंत पूर्ण वाळू द्या. ओल्या भिंतीवर महागातला रंगही पोपडे धरतो. आम्ही म्हणूनच ऑक्टोबरपर्यंत थांबलो.

फिनिश मॅट घ्या. चकाकी असली की पुट्टीचे उंचवटे आडव्या उन्हात उठून दिसतात, आणि पश्चिमेच्या खोलीत ऊन आडवंच येतं. लहान मुलं भिंतीवर हात पुसत असतील तर मात्र हलक्या चकाकीचा, पुसता येणारा रंग बरा.

१० बाय ११ ची खोली आणि ९ फूट उंची धरली, तर दार-खिडकी वजा जाता भिंती साधारण ३३० चौरस फूट भरतात. दोन हातांना तीनेक लिटर पुरतो. तो सगळा एकदम काढून घ्या. आमचा अर्धा लिटर कमी पडला, तोच नंबर सांगून दुकानात मशीनवर पुन्हा काढला, तर खिडकीशेजारची पट्टी किंचित हिरवी उठली. रंगारी म्हणाला, "ताई, बेस वेगळा पडलाय." बेस म्हणजे मशीन ज्यात रंगाचे थेंब मिसळतं तो मूळ रंग. पूर्ण भिंत नव्याने मारावी लागली. आता रंगाचा नंबर, बेस आणि फिनिश त्या आकाशी प्लायच्या पाठीवर मार्करने लिहून तुकडा कपाटामागे उभा करून ठेवलाय. मोतियाचा नेरूळला बहिणीच्या माळ्यावर आहे.