कोथरूडमधील एका रुग्णालयाचा तातडीचा विभाग : रात्रीचा अनुभव

संकष्टीचा उपवास सोडून तास-दीड तास झाला असेल, तोच आमच्या ६८ वर्षांच्या आईने छातीवर हात ठेवला. "दुखत नाही रे, नुसतं भरून आल्यासारखं वाटतंय," असे ती म्हणाली. तळणाचे पित्त झाले असेल, सोडा पाजावा, असे घरात सर्वांचे मत पडले. परंतु तिच्या कपाळावर घाम दिसला, शिवाय तिला मधुमेह आहे, म्हणून आम्ही घराजवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठला.

आत गेल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला, ही या सेवेची मोठी जमेची बाजू. नंतर निवासी डॉक्टर म्हणाले, "आजी, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा." आईने बोट न दाखवता अख्खा तळवा छातीच्या मधोमध ठेवला. त्यांनी बरगड्या दाबून पाहिल्या, दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि दुखणे जबड्यात, पाठीत किंवा हातात जाते का, चालल्यावर वाढते का, हे विचारले. दाबल्यावर नेमक्या जागी दुखले तर स्नायू किंवा बरगड्यांचा संशय येतो, जेवून आडवे होताच जळजळले तर आम्लपित्ताचा. मात्र मधुमेहींमध्ये हृदयाचे दुखणे फसवे असू शकते आणि सोड्याने बरे वाटले म्हणून हृदय ठीक आहे असे ठरत नाही, हे त्यांनी न रागावता समजावले.

पहिला ईसीजी चांगला आला, तरी आम्हाला घरी पाठवले नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ट्रोपोनिन हे त्या स्नायूतले प्रथिन रक्तात वाढायला काही वेळ लागतो, म्हणून ती चाचणी लगेच आणि पुन्हा तीन तासांनी केली. दोन्ही आकडे मर्यादेत होते, आणि सकाळच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. पित्त, पित्त म्हणणारी मंडळी त्यामुळे अर्धी बरोबर ठरली, याचा मला अजून थोडा राग आहे.

तक्रार एकच, की अनामत रकमेसाठी रात्री दोनदा दुसऱ्या मजल्यावर पिटाळले गेले आणि नातेवाइकांना बसायला धड बाकडेही नव्हते. अँजिओग्राफीचा आग्रह मात्र कोणीही धरला नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदाच्या तळाशी ठळक लिहून दिले, की पुन्हा असे झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आम्ही गेलो होतो रिक्षाने.